सांगायची राहिलेली खोड

"जाहिरातीत लबाडी नको, बाई," गुरुजी म्हणाले आणि मी लिहिलेला मजकूर त्यांनी मला पुन्हा मोठ्याने वाचायला लावला.

मी लिहिलं होतं : 'घोडी विकणे आहे. वय साडेपाच वर्षे. रंग कुमेद. स्वभाव अतिशय शांत. उपजत रवाल चाल. मारवाडी जात, आईकडच्या सात पिढ्यांची माहिती उपलब्ध.' यात लबाडी कुठे आहे ते मला कळेना. पोलादपूर तालुक्यात अशी घोडी दुसरी नव्हती, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

"हे सगळं खरं हाय," ते म्हणाले, "पन हे शेवटाला टाका. आधी खोडी लिहा."

मग माझ्या हातात फोन आणि त्यांच्या तोंडी खोडी, असा अर्धा तास गेला. डोक्यावर कुणी छत्री उघडली तर घोडी बुजते. बँड, फटाके, डीजे चालत नाही. एकटी बांधली की भिंतीला पाय मारते. गुळाची चटक आहे, खिशात गूळ ठेवाल तर खिसा गेलाच म्हणून समजा. मागच्या उजव्या खुराला जखम झाली होती, ती भरली, पण व्रण आहे. जड माणूस बसला तर चालते, मात्र नंतर दोन दिवस रुसते. मी 'रुसते' गाळलं, तर त्यांनी ते परत घालायला लावलं. जाहिरात इतकी लांबली की घोडीचा फोटो शोधायला बोट दुखेपर्यंत खाली सरकावं लागायचं.

"गुरुजी, हे वाचून घोडी राहू द्या, कुणी शेळीसुद्धा घेणार नाही," मी वैतागून म्हटलं.

"नाय घेतली तर नाय घेतली. घेऊन मग रडन्यापरीस बरं."

अकरा वर्षांपूर्वी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीच्या शाळेवर माझी बदली झाली तेव्हा गुरुजी तिथे मुख्याध्यापक होते. दोन शिक्षकांची शाळा, दुसरी मी. डांबरी रस्ता खाली संपायचा आणि तिथून पाऊण तास चढ. मी घामाघूम होऊन वर पोहोचले तर हे ओट्यावर उभे. पाणी दिलं, मी पाणी पिईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "बाई, शाळेच्या खोडी आधी सांगतो. पाणी झऱ्यावरनं आनावं लागतं. कौलं जूनमधी गळतात. चौथीतली दोन पोरं चावतात. आनि मी फार बोलतो." सगळं खरं निघालं. चावणाऱ्यांतला एक आता पोलीस भरतीची तयारी करतो, पण त्याच्या दातांची खूण माझ्या मनगटावर अजून आहे.

एकदा तपासणीला साहेब आले. साहेब खुर्चीत टेकायच्या आत गुरुजींनी त्यांच्यापुढे शाळेतल्या उणिवा मांडल्या : तिसरीला भागाकार कच्चा, हजेरी लावणीच्या दिवसांत निम्मी, नकाशा फाटका, आणि बाईंचं अक्षर बरं, पण फळ्यावर बारीक. साहेबांना शोधायला काही उरलंच नाही. ते बिचारे चहा पिऊन, 'मुख्याध्यापक स्पष्टवक्ते आहेत' असा शेरा मारून उतरले. मला मात्र फळ्यावरचं अक्षर मोठं काढावं लागलं ते आजतागायत.

लग्न जुळवायला आलेली माणसं वाडीत शिरली की लोक त्यांना गुरुजींच्या घरावरून नेत नसत. कारण एकदा कुणीतरी विचारलं होतं, "मुलगा कसा हाय हो?" आणि गुरुजींनी सांगितलं होतं, "सकाळी उठत नाय. आईवर वरडतो. पन पगार घरी देतो." मुलाच्या घरचे महिनाभर गुरुजींशी बोलले नाहीत. लग्न मात्र झालं, आणि मुलीच्या बापाने पुढे सांगितलं की बाकीच्यांनी इतकं गोड सांगितलं की भीती वाटायला लागली होती. गुरुजींचं ऐकलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

"गुन आपोआप दिसतात, बाई. खोड सांगावी लागते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की ते 'गुन' म्हणाले की पुढचं मीच म्हणायची.

हे खूळ आलं कुठून, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील तट्टू बाळगून होते. गाडीरस्ता नव्हता तेव्हा पोलादपुरातून मीठ, गूळ, रॉकेल वरच्या वाड्यांवर तट्टांच्या पाठीवरून जायचं. त्यातलं एक तट्टू वाहत्या पाण्याला बुजायचं. ते वडिलांनी शेजारच्या खोऱ्यातल्या एका शेतकऱ्याला उन्हाळ्यात विकलं. उन्हाळ्यात ओढे कोरडे. ही खोड सांगितली नाही, आणि त्यानेही विचारली नाही. पावसाळ्यात ओढ्यात तट्टू उसळलं, माणूस दगडांवर पडला, आणि त्याचा पाय कायमचा गेला. तो कधी भांडायला आला नाही. दर बाजाराला कुबडी टेकत यायचा, समोरून जायचा आणि राम राम करायचा. "बापाला तो राम राम सोसवेना. बाजाराला जायचंच सोडलं त्यानं," गुरुजी म्हणाले. एरवी तासभर बोलणारा माणूस, पण ही गोष्ट त्यांनी चार वाक्यांत संपवली.

घोड्याचं वेड मात्र बापाकडूनच आलेलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत, बायको गेल्यावर, त्यांनी खानदेशातल्या घोडेबाजारातून एक घोडी आणली. लोक तेव्हा मोटारसायकल घेत होते. घोडी गाभण होती, आणि तिच्या पोटी जन्मली ती ही जाई, जाहिरातीतली. विकणाऱ्याने घोडीची वंशावळ एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिली होती. गुरुजींनी ती महाडला नेऊन लॅमिनेट केली आणि देवांच्या तसबिरींशेजारी, बायकोच्या फोटोखाली टांगली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती वाचून दाखवायचे. माझ्या स्वतःच्या पणजीचं नाव मला माहीत नाही. जाईच्या पणजीचं नाव लाखी होतं आणि ती पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेली, होती, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

आई पोटशूळाने गेली तेव्हा जाई दोन वर्षांची होती. तिला माणसांनीच वाढवलं, म्हणून ती माणसाळली. मधल्या सुट्टीत पोरं तिच्या पोटाखालून आरपार जायची आणि ही डोळे मिटून उभी. चाल तिला कुणी शिकवली नाही. रवाल म्हणजे धड चालणं नाही आणि धड दुडकीही नाही. चारही टापा वेगवेगळ्या पडतात, घोडी झपाझप पुढे जाते आणि बसलेल्या माणसाचं अंग हलत नाही. गुरुजी पोरांना डोळे मिटायला लावून त्या टापा ऐकवायचे. निवृत्त झाल्यावरही दर आठवड्याला ते जाईवरून पोलादपूरला जाऊन शाळेच्या पोषण आहाराची अंडी आणायचे. ट्रे मांडीवर. एवढ्या खेपांत एक अंडं तडकलं, आणि ते दुकानातच तडकलेलं होतं, असं त्यांनी मला तीनदा सांगितलं.

जाईची आणखी एक गोष्ट वाडीला फार आवडायची. वाटेत समोरून माणूस आलं की ती थांबायची. गुरुजी वरून म्हणायचे, "बोला, काय म्हनता?" समोरचा बोलायचा. मग गुरुजी त्याला नावाने हाक मारून सगळी चौकशी करायचे, आणि मगच घोडी हलायची. त्याआधी गुरुजी रस्त्याने स्वतःशीच पुटपुटत जायचे, कुणाकडे बघायचे नाहीत. "पेन्शन बसल्यापास्नं गुरुजी मऊ झालं," असं बायका झऱ्यावर बोलायच्या. मीही तेच म्हणायची. म्हातारपणी माणूस सुधारतो, असा एक सिद्धान्तसुद्धा मी त्यावरून मांडला होता.

मागच्या भाद्रपदात एका दुपारी मी कसल्यातरी कागदावर त्यांची सही घ्यायला गेले. गोठ्याकडून घाण वास येत होता. गुरुजी म्हणाले, उंदीर मेला असेल, सकाळपासून शोधतोय. मी आत डोकावले तर जाई मागचा उजवा पाय टोकावर टेकून उभी होती. खुराच्या भेगेत किडे पडले होते.

"गुरुजी, हे बघा ना काय झालंय!" मी ओरडलेच.

ते लगबगीने आले, वाकले आणि त्यांनी डावा पाय उचलला. मी उजव्याकडे बोट दाखवत होते. मी म्हटलं, "हा नाही, हा." मग त्यांची बोटं चाचपडत उजव्या खुरावर गेली आणि थेट जखमेत रुतली. जाईचं सगळं अंग थरथरलं, पण तिने लाथ झाडली नाही. गुरुजी तसेच शेणात खाली बसले.

"किती दिसाचं आसंल?" त्यांनी मला विचारलं.

"मला काय विचारता? रोज तुम्ही खरारा करता," मी म्हटलं, आणि ते म्हणतानाच मला कळलं. अकरा वर्षं ज्या माणसाला मी ओळखत होते त्याला दिसत नव्हतं, आणि ते मला एका घोडीच्या खुरावरून समजलं होतं. त्या क्षणी मला त्यांची कीव आली नाही, स्वतःची लाज वाटली.

काचबिंदू होता. महाडच्या डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, असेल ती टिकवायची. त्यांनी औषधाचे थेंब घातले, पण उशीर झाला होता. डाव्या डोळ्याने नुसता उजेड कळायचा. "उजव्यानं नळीतनं बघितल्यावानी," ते म्हणाले. घर, गोठा, अंगण, झरा हे सगळं पावलांनी पाठ केलेलं. आणि बाहेरचं सगळं जाईच्या पाठीवर.

"मुलाला माहीत आहे?"

"त्याला गुडघं सांगितल्यात."

मुलगा मुंबईला नोकरीत, राहायला नालासोपाऱ्याला, चौथ्या मजल्यावर. महिन्यातून एकदा वीर स्टेशनला उतरून, रिक्षा-एसटी करत वर यायचा. चांगला मुलगा. आबा चालताना अडखळतात, म्हणजे गुडघेच, असं त्याने धरलं, आणि आबांनी ते धरू दिलं. तो येताना तेल आणायचा, ओट्यावर बसून स्वतःच्या हाताने त्यांचे गुडघे चोळायचा. दोनदा त्याने त्यांना सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेलं. धडधाकट गुडघे घेऊन हा माणूस त्या वाफेत तासतासभर बसून आला. हे सांगताना गुरुजी हसले आणि मीही हसले, नाहीतर दोघांनाही रडू आलं असतं.

"त्याला कळलं तर तो मला दुसऱ्या दिवशी उचलून नेईल. त्याचं चूक नाय. पन तिथं मला पावलं मोजायला जागा नाय, बाई." मग त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. कुणाला सांगायचं नाही. मी दिलं, आणि तेव्हा मला वाटलं की मी फार चांगलं काम करतेय.

तालुक्याच्या दवाखान्यातून माणूस आला, त्याने जखम धुतली, किडे काढले, महिनाभर पट्ट्या झाल्या. खूर भरला. गुरुजींच्या मनातलं काही भरलं नाही. "धन्याला जनावराचं दुखनं दिसत नसंल तर त्यानं जनावर ठेवू नये," ते म्हणाले. म्हणून जाई विकायची ठरली. वाडीला कारण सांगितलं गुडघ्यांचंच.

जाहिरात लिहिली ती त्यानंतर. सगळ्या खोडी झाल्यावर मी फोन खाली ठेवला तरी ते उठेनात.

"एक ऱ्हायली," ते म्हणाले. "मी तिला लगाम लावतो तो नावाला. तिच्या मानेवर टाकलेला असतो. वळन तीच घेते. मानूस दिसला की तीच थांबते. मागं दरड कोसळून वाट तुटली ना, तिथं तीच आतल्या अंगाला सरकते. तिला लगाम ठावकीच नाय."

"मग ती खोड कशी? तो तर गुणच झाला," मी म्हटलं.

"माझ्याखाली गुन. दुसऱ्याखाली खोड. डोळस मानूस लगाम वढील. ती ऐकनार नाय. दोघं कड्याच्या काठावर भांडतील."

मी फोन परत उचलला. "लिहू?"

ही खोड लिहायची तर लगाम का सोडला ते सांगावं लागणार होतं. आणि ते सांगितलं की नालासोपारा. खाली कशेडी घाटाच्या बाजूला ट्रकची रांग घरघरत चढत होती, तिच्याकडे ते कान देऊन बसले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत गुरुजींनी काही राहू दिल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. मी जाहिरात तशीच फोनवरून टाकली. वचन दिलंय, असं मी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे गुरुजी गेले तर वाडीत माझ्याशी बोलणारं कोण उरणार, हा विचारही त्यात होता, आणि तो चांगला मोठा होता.

गिऱ्हाइकं आली. महाडचा एक वरातीवाला आला, त्याला गुरुजींनी डीजेचं सांगून वाटेला लावलं. घाटावर पर्यटकांना फिरवणारा एकजण आला, त्याला घोडी पसंत पडली. पण छत्रीचं ऐकून म्हणाला, आमच्याकडे छत्र्याच छत्र्या. गेला. मग महाडजवळच्या एका गावातले बागायतदार आले, मुलीला घेऊन. मुलगी नुकतीच जनावरांची डॉक्टर झालेली, महाडला दवाखाना थाटलेला. गाडी जात नाही अशा वाड्यांवर तिला बोलावणी यायची. पुण्याला शिकताना ती घोड्यावर बसायला शिकली होती आणि तेव्हापासून तिला घोडी हवी होती. तिने जाईच्या गळ्यावरून हात फिरवला, जाईने तिचा खिसा हुंगला, आणि मला वाटलं, जमलं.

ठरलेल्या रविवारी सकाळी ते न्यायला आले. टेम्पो खाली डांबरी रस्त्यावर उभा. गुरुजींचा मुलगाही आदल्या दिवशीच मुंबईहून आला होता. वाडीतली बरीच माणसं वाटेवर जमली होती.

गुरुजींनी अंगणात उभं राहून सगळ्या खोडी तोंडपाठ सांगितल्या. डॉक्टरीणबाईने दात पाहिले, डोळे पाहिले, एकेक पाय उचलला. उजव्या मागच्या खुराशी ती थांबली.

"ही जखम खोल होती, गुरुजी. एवढं होईपर्यंत कळलं कसं नाही?"

"चुकलं माझं," गुरुजी म्हणाले.

तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पाय खाली ठेवला. मुलगा शेजारीच उभा होता, तो म्हणाला, "गुडघ्यांमुळे वाकता येत नाही आबांना." गुरुजींनी मान खाली घातली.

आमच्याकडे जनावर देतात, दावं देत नाहीत. गुरुजींनी जाईचं दावं सोडून स्वतःच्या हाताला गुंडाळलं. पाहुण्यांनी आपलं नवं दावं, नवा लगाम चढवला. मी कुंकू लावलं. गुरुजींनी भाकरी भरवली आणि तिच्या कपाळाला कपाळ टेकलं. एवढंच. मला वाटलं होतं ते रडतील, ते रडले नाहीत. त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"मी टेम्पोपर्यंत बसूनच जाते," मुलगी बापाला म्हणाली. "चालही कळेल." आणि चढून बसली.

अंगणातून बाहेर पडताच वाट डावीकडे उतरते. तिने डावा लगाम ओढला. जाई दोन पावलं सरळच गेली, मग आपल्या हिशेबाने वळली. मुलगी हसून म्हणाली, "ऐकत नाही गं तू." पुढे हाकेच्या अंतरावर ती दरडीची जागा होती, जिथे वाट हातभर उरली आहे आणि खाली नुसता कडा. मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी ते वाक्य ऐकलं होतं. मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण वचन आठवलं, आणि मुलगा शेजारी होता, आणि मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

"थांब गो पोरी!" गुरुजी ओरडले. "उतर! उतर खाली!"

पोरांना मैदानावरून हाक मारायचा तो जुना आवाज. मुलीने लगाम खेचला, जाई थांबेना; मग गुरुजींनीच "हो, हो" केलं, तेव्हा थांबली. मुलगी उतरली.

"एक खोड सांगायची ऱ्हायली," गुरुजी म्हणाले. शब्द ते वर्गात सांगितल्यासारखे एकेक स्पष्ट सांगत होते. "तिला लगाम कळत नाय. मी कधी धरला नाय. मला दिसत नाय. चार वर्सं झाली. ती माझ्या डोळ्यांनी नाय, मी तिच्या डोळ्यांनी चालत व्हतो. दरडीपाशी तू लगाम वढला असतास तर दोघी खाली गेला असता. आता सौदा मोडायचा तर मोडा. मी बांधतो तिला परत."

बागायतदार संतापले. "गुरुजी, तुमचं नाव ऐकून आलो आम्ही. हे आधी सांगायला पाहिजे होतं."

"होय," गुरुजी म्हणाले. "आधी सांगायला पायजे व्हतं."

मुलाने विचारलं, "कधीपासून म्हणालात?" ऐकलं होतं, तरी विचारलं.

"चार वर्सं, रे."

"मी इथं बसून तुमचे गुडघे चोळले, आबा," तो म्हणाला. एवढंच म्हणाला आणि ओट्यावर जाऊन पायरीला बसला, दोन्ही हातांत तोंड धरून.

डॉक्टरीणबाई मात्र जाईची मान थोपटत उभी होती. तिने विचारलं, "लगाम शिकवायचा झाला तर किती दिवस लागतील?"

"शिकंल ती. शानी हाय. पन पयले पंधरा दिवस वर बसू नको. पुढं चाल, दावं ढिलं धर. तू कुठं बघतेस ते तिला बघू दे. मग हळूहळू."

मुलीने बापाकडे पाहिलं. बापाने हात झटकले, पण नाही म्हटलं नाही. तिने लगाम काढून खांद्यावर टाकला, दावं ढिलं धरलं आणि पायीच पुढे निघाली.

मग ते झालं जे वाडी अजून बोलते. मी निरोपाला वाटेवर पुढे गेले होते; जाई पहिल्यांदा माझ्यापुढे थांबली. मुलीने दावं हलवलं तरी हलेना. ती मी बोलायची वाट पाहत होती. "जा बाई, सांभाळून जा," मी म्हटलं, तेव्हा ती पुढे झाली. मग वाटेवर उभ्या असलेल्या प्रत्येकापुढे ती थांबली, आणि तो बोलेपर्यंत उभी राहिली. झऱ्यावर गुरुजींना मऊ म्हणणाऱ्या त्याच बायका, तेच म्हातारे. कुणी म्हणालं, जा गो बाय. कुणी नुसतंच हुंदका देऊन नाव घेतलं. ती का थांबते आहे ते त्यांना आता कळलं होतं. आवाजावरून माणूस ओळखणारं आता पाठीवर कुणी नव्हतं, तरी ती थांबत होती. दरडीपाशी ती आतल्या अंगाला सरकली आणि मुलगी तिच्या मागोमाग सरकली.

टापा ऐकू येईनाशा झाल्यावर लोक हळूहळू पांगले. कुणी गुरुजींच्या जवळ आलं नाही. मीही गेले नाही. बागायतदारही खाली उतरले होते.

गुरुजी अंगणाच्या मधोमध उभे होते, हाताला रिकामं दावं गुंडाळलेलं. तिथून घराची पायरी बारा पावलं. ती त्यांना पाठ होती. मी त्यांना ती रोज न चुकता चालताना पाहिलं होतं. ते चालले नाहीत. त्यांनी हात पुढे केला, गोठ्याच्या खांबाच्या दिशेने, जिकडे कुणीही नव्हतं.

"हात दे रे," ते म्हणाले.

मुलगा पायरीवरून उठला, आणि जिकडे हात पसरला होता तिकडे जाऊन उभा राहिला.